बेळगावच्या बाजारातलं तालीसपत्र: पान उलटून बघितल्याशिवाय घेऊ नका

मिरगाचा पाऊस लागला की बेळगाव-खानापूरकडं घराघरात खोकला सुरू होतो आणि काष्ठौषधीच्या दुकानात तालीसपत्राला गिऱ्हाईक वाढतं. ओल आलेल्या भिंती आणि चार-चार दिवस न दिसणारं ऊन, छातीत कफ धरायला एवढं पुरतं. तालीसपत्र तीन रूपांत मिळतं: बारदानातून काढून कागदात बांधून दिलेलं सुटं, पाकिटात भरलेली पानं किंवा त्यांची पूड, आणि तयार तालीसादि चूर्ण. या तिन्हींबद्दलचं आमचं मत आधीच सांगतो. सुटं तालीसपत्र काढ्यासाठी अजिबात घेऊ नका. पाकिटावर वनस्पतीचं शास्त्रीय नाव असेल तरच ते घ्या. तालीसादि चूर्ण परवानाधारक कारखान्याचं असेल आणि घटकांची यादी पुरी छापलेली असेल तर वैद्यांच्या सल्ल्यानं चालेल. पाचपैकी गुण द्यायचेच तर सुट्या मालाला एक, पाकिटाला तीन आणि चांगल्या चूर्णाला चार.

सुट्या मालाला एवढे कमी गुण का, ते नीट समजून घेण्यासारखं आहे. एकाच नावाखाली दोन वेगळ्या झाडांची पानं विकली जातात. त्यातलं एक खोकल्याचं औषध आहे आणि दुसरं हृदय बंद पाडणारं विष आहे.

भारतीय आयुर्वेदिक फार्माकोपियात, म्हणजे औषधांच्या अधिकृत मानक-ग्रंथात, तालीस म्हणजे अॅबिज वेबियाना, हिमालयातला उंच फर वृक्ष. पानाला राळेचा वास आणि चव थोडी तिखटसर. त्याच डोंगरात, थोड्या खालच्या उंचीपासून, टॅक्सस नावाचं झाड वाढतं. युरोपात त्याला यू म्हणतात, गढवालात थुनेर, आणि औषधी मालाच्या व्यापारात बिरमी. युनानीत याच टॅक्ससची पानं जरनब म्हणून वापरतात. दोन्ही झाडांची पानं चपटी, अरुंद, सुईच्या घाटाची; वाळली की दोन्ही तपकिरी-हिरवी होतात. टॅक्ससची पानं तालीसपत्र म्हणून विकली जाण्याचा हा गोंधळ फार जुना आहे. प्रत्येक वेळी दुकानदार फसवतोच असं नाही. त्याच्याकडं माल येतो तो पोत्यावर ‘तालीसपत्र’ किंवा ‘ताळीसपत्रे’ एवढंच लिहून. पोतं उत्तरेतून निघतं, दोन-तीन व्यापाऱ्यांच्या हातून जातं आणि इथं तागडीवर पडतं. तोवर झाड कुठलं होतं हे सांगणारा कुणी उरलेला नसतो.

विषाचं नाव टॅक्सीन. टॅक्ससच्या झाडात ते पानांत आहे, सालीत आहे, बीमध्ये आहे. फक्त बीभोवतीचा लाल मऊ गर तेवढा बिनविषारी. हृदयाच्या स्नायूपेशींवर सोडियम आणि कॅल्शियम आत घेणाऱ्या वाटा असतात. टॅक्सीन त्या वाटा अडवतं. मग ठोका मंदावतो, अनियमित होतो, रक्तदाब कोसळतो आणि हृदय थांबतं. आपल्याकडच्या कण्हेरीचं विषही हृदयावरच उठतं, पण त्याची वाट वेगळी आहे: कण्हेर पेशीतला सोडियम-पोटॅशियम पंप बंद पाडते. म्हणून कण्हेरीच्या विषबाधेत डिगॉक्सिन या हृदयाच्या औषधाविरुद्ध बनवलेल्या प्रतिपिंडांचं इंजेक्शन उपयोगी पडतं. टॅक्ससला असा खास उतारा नाही. दवाखान्यात कृत्रिम पेसमेकर लावून, श्वास आणि रक्तदाब सांभाळून, फार बिघडलं तर हृदय-फुप्फुसाचं काम करणाऱ्या यंत्रावर ठेवून विष उतरेपर्यंत माणूस तगवावा लागतो. वाळवल्यानं किंवा उकळल्यानं हे विष जात नाही. काढा केला तर ते पाण्यात उतरतं, आणि तेच आपण पितो.

आता प्रमाण बघू. प्रौढ माणसासाठी ५० ते १०० ग्रॅम पानं प्राणघातक मानतात. वजनाच्या हिशेबात तेच किलोमागे सुमारे ०.६ ते १.३ ग्रॅम होतं. दहा किलोच्या पोराला हा हिशेब लावला तर आकडा सहा ग्रॅमवर येतो. सहा ग्रॅम वाळकी पानं म्हणजे मोठ्या माणसाची मूठसुद्धा भरत नाही. “पोराला मूठभर तालीसपत्र उकळून दे गं” असं सांगणाऱ्या आज्जीचा अनुभव खोटा नसेल. तिच्या हातात फरची पानं आली असतील. पण आज पुडीत काय आलंय हे आज्जीच्या अनुभवावरून ठरत नाही.

ते ठरतं पान बघून. यासाठी एक स्टीलची ताटली, कोमट पाणी, नवं ब्लेड आणि भिंग लागतं. सोनाराकडं असतं तसलं दहापट मोठं दाखवणारं भिंग उत्तम. मूठभर माल पांढऱ्या कागदावर पसरा. चुरा आणि तुकडे बाजूला सारा, ओळख अख्ख्या पानावरूनच होते. निरनिराळ्या कोपऱ्यांतून वीस-पंचवीस अख्खी पानं उचला, एकाच जागेची उचलू नका, कारण पोत्यात माल थराथरानं मिसळलेला असू शकतो. ही पानं कोमट पाण्यात अर्धा तास भिजत ठेवा. वाळलेलं पान सुरकुततं, कडा आत वळतात आणि त्यामुळं दोन्ही पानं एकसारखी भासतात. भिजली की ती आपल्या मूळ आकारावर येतात.

आधी टोक बघा. फरच्या पानाचं टोक चिरलेलं असतं, माशाच्या शेपटीसारखं मध्ये खाचलेलं. टॅक्ससचं टोक एकदम निमुळतं होऊन सुईसारखं संपतं. मग देठाकडचं टोक. फरचं पान जिथं फांदीला चिकटतं तिथं ते गोल, बशीसारखं पसरलेलं असतं. पान गळून पडलं की फांदीवर गोल सपाट वण राहतो. टॅक्ससच्या पानाला बारीक, किंचित पिळलेला देठ असतो आणि तो फांदीवर खाली उतरत जातो. म्हणून पुडीतल्या काड्या फेकू नका, काडीवरचा वण हा मोठा पुरावा आहे. मग पान उलटं करा. फरच्या पालथ्या बाजूला मधल्या शिरेच्या दोन्ही अंगांना दोन पांढुरक्या रेघा दिसतात, पाटीवर पेन्सिलीनं ओढल्यासारख्या. टॅक्ससच्या पालथ्या बाजूचे पट्टे फिकट पिवळसर-हिरवे असतात, पांढरे नाहीत. जुन्या मालात फरच्या रेघाही मळकट होतात, म्हणून नुसत्या रंगावर विसंबून निकाल देऊ नका.

शेवटची परीक्षा ब्लेडची. भिजलेलं पान गाजराच्या किंवा बटाट्याच्या फोडीत चिमटून धरा आणि आडवा, शक्य तितका पातळ काप घ्या. काप ओल्या काचेवर ठेवून भिंगातून उजेडाच्या दिशेनं बघा. फरच्या कापात दोन्ही कडांकडं एकेक बारीक गोल भोक दिसतं. त्या राळेच्या नळ्या. टॅक्ससच्या पानात राळेची नळी नसतेच. हात बसायला पाच-सहा काप वाया जातात, त्यात काही बिघडत नाही. कॉलेजातला साधा सूक्ष्मदर्शक मिळाला तर सगळंच स्वच्छ दिसतं. टॅक्ससच्या पालथ्या त्वचेवर बारीक पुटकुळ्यांसारखे उंचवटेही दिसतात.

वासावरून काय कळतं? ताजं फरचं पान चुरगाळलं तर टर्पेंटाइनसारखा, किंचित कापरासारखा वास सुटतो. टॅक्ससला असा वास नसतो. पण दोन वर्षं गोदामात पडलेल्या फरचाही वास उडालेला असतो, आणि शेजारच्या पोत्यातल्या कापूरकाचरीचा वास टॅक्ससला लागलेला असू शकतो. म्हणून वास ही शंका घ्यायला ठीक, निकालाला नाही. लांबीचंही तसंच: फरचं पान दीड ते पाच-सहा सेंटीमीटर, टॅक्ससचं दीड ते साडेतीन. आखूड पान दोन्हींचं असू शकतं. चार सेंटीमीटरच्या वरचं पान मात्र टॅक्ससचं असण्याची शक्यता कमी. चव घेऊन तर बघूच नका. पंचवीसपैकी एक जरी पान टॅक्ससचं निघालं तर सगळी पुडी बाद समजा. निवडून वापरायचा विचार मनात आणू नका, कारण चुऱ्यात काय आहे ते निवडता येत नाही.

दुकानात विचारायचा प्रश्न एकच: “मालक, यात बिरमी येते का?” ‘तालीसपत्र आहे का’ असं विचारलं तर उत्तर नेहमी ‘आहे’च येणार. बिरमीचं नाव घेतलं की जाणता दुकानदार सावध होतो आणि बहुतेक वेळा खरं बोलतो. कधी कधी तर तो तालीसपत्राऐवजी तमालपत्र पुढं करतो. नाव अर्धंच ऐकू आलेलं असतं. मसाल्याच्या तमालपत्रानं कुणाला बाधा होत नाही, पण औषध म्हणून घेतलेला पैसा वाया जातो. तमालपत्र रुंद, तीन ठळक शिरांचं असतं, त्यामुळं ते लगेच ओळखू येतं.

पाकीटबंद मालाची गोष्ट थोडी बरी आहे. पाकिटावर संस्कृत नावाबरोबर ‘अॅबिज’ हे लॅटिन नाव, वापरलेला भाग, बॅच क्रमांक, तारीख आणि परवाना क्रमांक असेल तर निदान बनवणाऱ्यावर जबाबदारी येते. नुसतं ‘शुद्ध तालीसपत्र’ किंवा ‘हिमालयन हर्ब’ छापलेलं असेल तर ते सुट्या मालासारखंच समजा, फरक फक्त प्लास्टिकचा. पानं अख्खी असतील असंच पाकीट घ्या. पूड ओळखायला प्रयोगशाळा लागते, पान मात्र घरी ओळखता येतं. पूड घेणं म्हणजे पडताळणीची संधी आपल्या हातानं सोडून देणं.

तयार तालीसादि चूर्णाला आम्ही सर्वांत जास्त गुण दिले, त्याचं कारण त्याच्या कृतीत आहे. ग्रंथातला पाठ असा: तालीस एक भाग, मिरी दोन, सुंठ तीन, पिंपळी चार, वंशलोचन (बांबूच्या पोकळीत साठणारा पांढरा पदार्थ) पाच, वेलची आणि दालचिनी प्रत्येकी अर्धा, आणि साखर बत्तीस. एकूण अठ्ठेचाळीस भाग. म्हणजे तीन ग्रॅमच्या मात्रेत तालीस येतं फक्त साडेबासष्ट मिलिग्रॅम. खोकल्याचं बरंचसं काम पिंपळी, सुंठ आणि मिरी करतात. त्यामुळं चुकून टॅक्सस आलं तरी काढ्याच्या मानानं ते फार थोडं असतं. तरीही हृदयाचा ठोका आधीच मंद असलेल्यांनी, मेटोप्रोलॉल किंवा अॅटेनोलॉलसारख्या ठोका मंदावणाऱ्या गोळ्या चालू असलेल्यांनी, गरोदर बायकांनी आणि लहान मुलांना देताना घरच्यांनी, वैद्यांना आणि डॉक्टरांना दोघांनाही विचारल्याशिवाय हे चूर्ण सुरू करू नये. आणखी एक: तीन ग्रॅम चूर्णात दोन ग्रॅम साखर असते. मधुमेही माणूस दिवसातून तीनदा घेत असेल तर सहा ग्रॅम साखर पोटात गेली. स्वस्त चूर्णात वंशलोचनाऐवजी तवकीर (कंदाचं पांढरं सत्त्व) घातलेली असते. ती विषारी नाही, पण यादीत वंशलोचन लिहून तवकीर घालणारा तालीसही तपासून घेत नसेल, असा आमचा कयास.

चूर्ण घरी करायचंच असेल तर वरच्या प्रमाणात दालचिनी-वेलचीपासून साखरेपर्यंत सगळं इथल्या बाजारात चांगलं मिळतं. तालीस तेवढं आधी ओळखून घ्यायचं, मगच कुटायचं. आधी कुटून मग शंका घेण्यात अर्थ नाही.

एका गैरसमजाबद्दल थोडं जास्त लिहावं लागतंय, कारण तो जीवघेणा आहे. टॅक्ससपासून कर्करोगाचं औषध निघतं हे खरं आहे. पॅसिफिक यूच्या सालीतून मिळालेल्या पॅक्लिटॅक्सेलची रचना १९७१ मध्ये प्रसिद्ध झाली आणि १९९२ मध्ये अमेरिकेत अंडाशयाच्या कर्करोगासाठी त्याला मान्यता मिळाली. पण ते शुद्ध केलेलं, मोजून मापून शिरेतून दिलं जाणारं औषध आहे. पानाचा काढा पिऊन ते मिळत नाही: पानात ते फार थोडं असतं, पाण्यात जवळजवळ विरघळत नाही आणि तोंडावाटे घेतलं तर आतड्यातून नीट शोषलंही जात नाही. काढ्यातून रक्तात जातं ते टॅक्सीन. किमोथेरपीनं आधीच थकलेल्या माणसाला ‘नैसर्गिक’ म्हणून कुणी हा काढा दिला तर त्याच्या हृदयावर घाव पडतो. त्याच औषधासाठी हिमालयातल्या टॅक्ससची इतकी साल-पानं ओरबाडली गेली की हे झाड आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंधनं घालणाऱ्या साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात घालावं लागलं.

आता जनावरांकडं वळू, कारण या भागात तालीसपत्र फक्त माणसांसाठी घेतलं जात नाही. चिकोडी, रायबाग, अथणीच्या पट्ट्यात शर्यतीची घोडी जपणारी घरं आहेत. घोड्याला दम लागतो, नाक वाहतं, तेव्हा सुंठ-मिरी-गुळाच्या मसाल्यात छातीचं औषध म्हणून तालीसपत्र घालायची कल्पना सहज सुचू शकते. माणसाला चिमूट तर घोड्याला पाव किलो, हा हिशेब इथं घात करतो. टॅक्ससला घोडा सर्वांत हळवा. विषशास्त्रात घोड्यासाठी प्राणघातक मात्रा १०० ते २०० ग्रॅम पानं एवढीच सांगतात. घोड्याला उलटी करता येत नाही आणि रवंथ करणाऱ्या जनावरासारखं मोठं पोट नसल्यामुळं विष पातळही होत नाही. मसाल्यातलं पाव किलो पान टॅक्ससचं निघालं तर तबेल्यात दुसऱ्या दिवशी घोडं उभं नसेल. घोड्याला तालीसपत्र कुठल्याही रूपात देऊ नका, ओळख पटली तरीसुद्धा नको. दम्यासाठी पशुवैद्याकडं नेमकी औषधं आहेत.

गाई-म्हशींसाठी मात्रा त्याहून जास्त लागते, गाईला साधारण अर्धा किलो. त्यामुळं इथल्या गोठ्यात एवढी पानं जाण्याचा प्रसंग क्वचितच येईल. युरोपात मात्र हे वरचेवर घडतं: कुणीतरी यूचं कुंपण छाटतं, छाटलेल्या फांद्या कुरणात टाकतं आणि तोंडात चार पानं तशीच धरलेल्या अवस्थेत गाई मरून पडलेल्या सापडतात. छाटलेल्या, सुकलेल्या फांद्या ताज्यापेक्षा जास्त धोक्याच्या, कारण विष तेवढंच राहतं आणि जनावरं त्या बिनदिक्कत खातात. लक्षणं दिसलीच तर थरथर, धाप, पाय लटपटणं, मग कोसळणं. पुष्कळदा लक्षण दिसायच्या आतच सगळं संपतं. अशा जनावराला पळवू नका, गाडीत चढवायची ओढाताण करू नका. ताण आला की उरलेलं हृदय जागीच थांबतं. सावलीत शांत उभं ठेवा आणि १९६२ वर पशुसंजीवनीला फोन करा. गाई-म्हशीचं पोट उघडून खाल्लेलं बाहेर काढता येतं, पण ते वेळेत झालं तरच.

माणसाच्या बाबतीत काढा प्यायल्यावर एक ते तीन तासांत मळमळ, उलटी, चक्कर, हातपाय गळणं, बाहुल्या मोठ्या होणं सुरू होतं. ‘पित्त झालंय’ म्हणून लिंबूसरबत देत बसू नका. घरी उलटी करवू नका. १०८ बोलवा, आणि ईसीजी व अतिदक्षता विभाग असलेल्या दवाखान्यातच न्या. खानापूर किंवा कित्तूरकडून निघाला असाल तर वाटेत लहान दवाखान्यात सलाईन लावून थांबू नका, थेट बेळगाव गाठा. उरलेली पुडी आणि काढ्याचा चोथा पिशवीत घालून बरोबर घ्या. डॉक्टरांना ‘आयुर्वेदिक काढा घेतला’ एवढंच सांगू नका. ‘टॅक्सस असू शकतं, हृदयावर परिणाम करतं’ असं नेमकं सांगा. पहिल्या तासात पोचलात तर दवाखान्यातली औषधी कोळशाची भुकटी देऊन पोटातलं बरंच विष अडवता येतं.

नर्सरीत ‘जपानी यू’ अशी चिठ्ठी लावलेलं कुंडीतलं झाड दिसलं तर घाबरू नका. ते बहुतेक पोडोकार्पस असतं. त्यात टॅक्सीन नसतं, पण बिया-पानं खाल्ल्यावर उलट्या-जुलाब होतात, तेव्हा रांगणारं मूल असलेल्या घरात कुंडी उंचावर ठेवा. खरं टॅक्सस बेळगावच्या हवेत टिकवणं अवघड आहे.

बाद केलेली पुडी उकिरड्यावर टाकू नका, तिथं शेळ्या आणि मोकाट गुरं तोंड घालतात. शेकोटीतही जाळू नका. हातभर खड्डा करून पुरा, वर दगड ठेवा, आणि पानं भिजवलेलं पाणीही त्याच खड्ड्यात ओता. भिजवायला घेतलेली ताटली राखेनं किंवा साबणानं दोनदा घासा, ब्लेड कागदात गुंडाळून टाका, हात धुवा. दुकानदाराला पुडी परत करायची असेल तर आधी त्यातली चार पानं एका पाकिटात, खरेदीची तारीख लिहून, बाजूला ठेवा. आयुर्वेद महाविद्यालयातल्या द्रव्यगुणाच्या (औषधी वनस्पतींच्या विषयाच्या) शिक्षकांना ती दाखवली तर ते भिंगाखाली धरून झाड कुठलं ते सांगू शकतील.